स्लॅबची सावड

जयसिंगदादांना हळू बोलता येतं, हे त्यांच्याकडे नोकरीला लागून वर्षं उलटली तरी मला माहीत नव्हतं. भुकूमच्या साइटवर तिसऱ्या मजल्यावरून ते फोनवर बोलायला लागले, की खाली रस्त्याकडेचा चहावाला दोन कप घेऊन जिना चढायला लागायचा. त्याला वाटायचं, आपल्यालाच हाक मारली. माणूस उंचीनं बेताचा, अंगानं आडवा, पायात कायम सिमेंट लागलेल्या चपला, आणि बसणं म्हणून ठाऊक नाही. ऑफिसात त्यांच्यासाठी फिरती खुर्ची आणली होती, ती मीच वापरायचे.

मूळचे भातशेतीवाले. रानाला भाव आला तेव्हा गावातल्या बऱ्याच जणांनी बिल्डरला जागा देऊन टाकल्या. दादांनी दिली नाही. "दुसऱ्यानं माज्या रानात इमारत बांदायची आन् म्या तिच्या गेटवर वॉचमन म्हणून बसायचं व्हय?" असं म्हणत ते स्वतःच बिल्डर झाले. आधी शेजाऱ्यांच्या भाड्याच्या खोल्या बांधल्या, मग बंगले बांधले, आणि मग आईच्या नावानं कंपनी काढली. गोजराई कन्स्ट्रक्शन! कंपनी म्हणजे दादा, ऑफिस सांभाळणाऱ्या आशालतावहिनी, एक मिक्सर, स्लॅबखाली लावायच्या सेंटरिंगच्या प्लेटा, गुलबर्ग्याकडच्या कामगारांची काही घरं आणि मी.

मी गौतमी, पौडची, साइट इंजिनिअर. मुलाखतीत दादांनी एकच प्रश्न विचारला होता. "स्लॅबच्या दिवशी सकाळधरनं काम संपंस्तवर उन्हात उभी ऱ्हाशील का?"

मी विचारलं, "तुम्ही राहाल का?"

ते इतके मोठ्यानं हसले, की वहिनी आतून धावत आल्या. दुसऱ्या दिवसापासून मी कामावर.

या नोकरीच्या जिवावर आम्ही पौडला घर बांधायला काढलं होतं. बाबा पिरंगुटच्या कंपनीतून निवृत्त झालेले, हाताशी जे आलं त्यात जोतं, कॉलम आणि विटांच्या भिंती उभ्या राहिल्या. वरचा स्लॅब माझ्या पगारातून व्हायचा होता. तोवर डोक्यावर पत्रे, आणि पत्र्यांच्या वर कॉलममधून निघालेल्या सळया. आई त्या सळयांना कपडे वाळवायची दोरी बांधायची आणि बाबा रोज सकाळी त्यांच्याकडे बघून म्हणायचे, "गंजाया लागल्यात गं."

आणि तेवढ्यात आमच्या धंद्याला घरघर लागली.

झालं असं, की आमच्या इमारतीत फ्लॅट घेणारी माणसं बहुतेक हिंजवडीत कामाला जाणारी. तिकडे नोकऱ्या डळमळल्या, की इकडे आमचा फोन वाजायचा. "सर, थोडं थांबू या का? सध्या हिंमत होत नाही." बुकिंग थांबलं. गिऱ्हाइकाचा पैसा बँकेतून येतो तो स्लॅबमागे एक हप्ता असा, त्यामुळे स्लॅब नाही तर पैसा नाही आणि पैसा नाही तर स्लॅब नाही, अशा चक्रात आम्ही सापडलो. सळईवाल्यानं उधारी बंद केली. रेडिमिक्सवाला रोख मागायला लागला.

अशा वेळी मोठ्या कंपन्या काय करतात ते मला माहीत होतं. त्या जाहिराती वाढवतात, सोन्याचं नाणं फुकट देतात, माणसं कमी करतात आणि अगदीच गळ्याशी आलं तर अर्धी इमारत दुसऱ्या कंपनीच्या गळ्यात मारतात. दादांनी पहिल्या दिवशी सगळ्या कामगारांना पार्किंगमध्ये गोळा केलं आणि ओरडून सांगितलं, "पैसं न्हाईत! लपवून काय करू? पर जेवन मिळंल, आन् कुटल्या ना कुटल्या कामावर हात चालू ऱ्हातील. ज्याला जायाचंय त्यानं सांगून जावा." मुकादमानं ते कन्नडमधून सांगितलं. तीन घरं गेली, बाकीची राहिली.

मग जी धावपळ सुरू झाली ती विचारू नका! दादांनी मोठी गाडी विकली आणि वहिनींच्या स्कूटरवरून फिरायला लागले. गिऱ्हाइकाला दाखवायला सजवलेला नमुना फ्लॅट होता. त्यातला सोफा विकून तिथं मुकादमाचं बिऱ्हाड बसवलं, पत्र्याच्या खोल्यांचं भाडं वाचलं. सळईवाल्याला एक फ्लॅट नावावर करून दिला आणि त्याच्या बदल्यात सळई आणली. सिमेंटवाल्याशीही तसंच ठरलं. पूर्वी ज्या कामांना दादा नाक मुरडायचे ती सगळी घेतली. सूसच्या सोसायट्यांच्या गळक्या गच्च्या, कुणाचं कंपाउंड, कुणाच्या फार्महाउसचा संडास. "संडास तर संडास! हात थांबला की मानूस गेला," असं म्हणत दादा स्वतः गवंड्याच्या हाताखाली उभे राहायचे. माझा पगार आधी अर्धा झाला आणि मग थकायला लागला. मी रोज संध्याकाळी ठरवायचे, उद्या सांगून टाकायचं. आणि रोज सकाळी साइटवर दादांनी काहीतरी नवीनच काढलेलं असायचं, त्यावर भांडण्यात दिवस जायचा.

या सगळ्यातून चौथ्या मजल्यापर्यंत आलो. आता राहिला सगळ्यात वरचा स्लॅब. गिऱ्हाइकांनी आणि बँकेनं निक्षून सांगितलं होतं, की दिवाळीच्या आत वरचा स्लॅब पडला पाहिजे, नाहीतर बुकिंग रद्द. म्हणजे स्लॅब झाला तर हप्ता येणार, कंपनी तरणार, माझा पगार सुटणार. नाही झाला तर गोजराईचा सांगाडा पौड रस्त्यावर उभा राहणार आणि येणारा-जाणारा म्हणणार, ही बघा जयसिंगची इमारत. सिमेंट-सळई आमच्याकडे होती. माणसं आणि यंत्रं अर्धीच होती, आणि एवढा मोठा स्लॅब एका दमात ओतायला ती पुरणार नव्हती. बाहेरून आणायला रोकड नव्हती.

भातलावणीचे दिवस होते. आम्ही वरच्या मजल्यावर याच विवंचनेत उभे होतो आणि दादा कधी नव्हे ते गप्प राहून खाली बघत होते. इमारतीच्या मागच्या खाचरात पाचसहा घरच्या बायाबापे एका ओळीत वाकून रोपं लावत होते. आज या घरचं खाचर, उद्या त्या घरचं. आमच्या मुळशीत याला सावड म्हणतात. तुम्ही माझ्या रानात एक दिवस या, मी तुमच्या रानात एक दिवस येतो. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. ज्याचं रान त्यानं त्या दिवशी जेवण घालायचं.

दादांनी एकदम माझा दंड धरला. "गौतमे!"

"काय झालं?" मी दचकले. मला वाटलं, कुणी पडलं.

"सावड!"

"कसली सावड?"

"स्लॅबची! अगं येडे, स्लॅबची सावड!" आणि ते दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरायला लागले. मी मागून ओरडत होते, "दादा, कठडा नाहीये!" पण ऐकतो कोण!

त्यांचं म्हणणं मला खाली स्कूटरपाशी कळलं. आमच्यासारखेच अडकलेले छोटे बिल्डर आजूबाजूला होते. पिरंगुटचा किशोर, सूसचा कैलास. कुणाकडे माणसं होती तर प्लेटा नव्हत्या, कुणाकडे मिक्सर होता तर माणसं नव्हती. तिघांनी मिळून प्रत्येकाचा स्लॅब टाकायचा, पैशाचं नाव नाही. मला ते इतकं आवडलं, की मी हेल्मेट न घालताच स्कूटरवर मागे बसले.

एकच अडचण होती, आणि तिचं नाव कैलास. पांढरे कपडे, डोळ्यांवर गॉगल आणि बोलणं लोण्यासारखं. काही वर्षांपूर्वी ऐन स्लॅबच्या आदल्या दिवशी त्यानं दादांचा मुकादम जास्त पैसे देऊन पळवला होता. तेव्हापासून दोघं लग्नकार्यात भेटले तर एकमेकांच्या पायांकडे बघून नमस्कार करायचे.

भूगावच्या हॉटेलात बैठक झाली. किशोर बिचारा गरीब स्वभावाचा. त्यानं मिसळ मागवली आणि ज्याला त्याला हो म्हणायला सुरुवात केली. कैलास गॉगल न काढता म्हणाला, "जयसिंगा, तुजा माज्यावर इश्वास हाय का?"

"अजाबात न्हाई," दादा म्हणाले.

"मग?"

"सावडीला इश्वास कशाला लागतोय? आपले आजे काय एकमेकाच्या गळ्यात गळं घालून लावनी करत व्हते? बांदावरनं भांडायचं, कोर्टात जायाचं, आन् आखाड आला की एकाच खाचरात वाकायचं. आपलं रान लावायचं अस्तंय म्हणून दुसऱ्याचं लावायचं!"

कैलासनं गॉगल काढला. बराच वेळ मिसळीची तर्री ढवळत राहिला आणि म्हणाला, "बोल कसं कसं ते."

नियम जुनेच ठरले. दिवसाला दिवस, यंत्राला यंत्र. ज्याचा स्लॅब त्याचं जेवण. एखाद्याला माणसं आणता आली नाहीत तर त्यानं घरच्यांना घेऊन स्वतः यायचं, पण त्या घरचं माणूस आलंच पाहिजे. सगळं झाल्यावर नंबर लावायची वेळ आली, आणि दादांनी जाहीर केलं, "पैला कैलास, मग किशोर, शेवट माजा."

मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. बाहेर आल्यावर माझा ताबा सुटला. "शेवटी का? त्यांची कामं झाली की ते कशाला येतील? दिवाळीची मुदत आपल्याला आहे, त्यांना नाही!"

"सावड ज्यानं सांगितली त्येचं रान शेवटी लावायचं. आमच्यात तसंच अस्तंय."

"तुमच्यात मूर्खपणा असतो," मी म्हणाले. ते हसले आणि स्कूटरला किक मारायला लागले, जिला किकच नव्हती.

गणपती गेले, पाऊस ओसरला आणि आम्ही सूसला कैलासच्या साइटवर उतरलो. काय दिवस होता तो! तीन कंपन्यांची माणसं, तीन मिक्सर, एकीकडे कन्नड, एकीकडे हिंदी, मधून दादांची आरोळी. खडी, वाळू, सिमेंट, पाणी, गरगर फिरणारा मिक्सर, वर चढणारी लिफ्ट, घमेली हातोहात पुढे. मी सळयांच्या जाळीवर उभी राहून काँक्रीट दाबून बसवणाऱ्या व्हायब्रेटरवाल्याला हैराण करत होते. कैलासचा इंजिनिअर आदल्या महिन्यातच सोडून गेला होता, त्यामुळे सळई, माप, उतार सगळं माझ्याच गळ्यात. एका ठिकाणी सळया विरळ बांधल्या होत्या. मी काम थांबवलं.

कैलास लोण्यासारखा म्हणाला, "मॅडम, चालतंय की तेवढं."

"चालत नाही. बांधून घ्या, तोपर्यंत मी हलणार नाही." मी तिथंच मांडी घातली. बांधून घ्यावं लागलं. दादा खालून टाळ्या वाजवत होते, जणू मी कुस्ती मारली.

दिवस मावळायच्या आत स्लॅब झाला. कैलासच्या घरचं मटण मी आजवर खाल्लेल्या मटणांत सगळ्यात झणझणीत होतं, आणि दादांनी त्याच्याकडे न बघता त्याच्याकडून तीनदा रस्सा मागून घेतला. पंधरवड्यानं पिरंगुटला किशोरचा स्लॅबही तसाच गाजत पार पडला. तिथंही जाळीवर मी. मोबदला काय, हे मी विचारलं नाही. विचारायचं सुचलंच नाही, इतकी मजा येत होती.

आणि आमच्या स्लॅबच्या तोंडावर बातमी आली. कैलासनं आपली इमारत एका मोठ्या कंपनीला देऊन टाकली होती. माणसं, यंत्रं सगळ्यासकट. आता कंपनीच्या परवानगीशिवाय एक फावडंही गेटबाहेर पडणार नव्हतं. तो सुटला, आणि आम्ही राहिलो!

माझ्या तोंडून काय काय निघालं ते इथं लिहीत नाही. मी फोन काढला. "थांबा, आत्ताच्या आत्ता विचारते त्याला."

दादांनी माझ्या हातातून फोन घेतला. "न्हाई. सावडीची आठवन करून द्यायची नस्ते. आठवन केली की ती मजुरी मागितल्यागत झाली. ज्याचं त्यानं यायाचं."

"आणि नाही आला तर? इमारत गेली, कंपनी गेली, माझ्या घराचा स्लॅब गेला!"

"तरी न्हाई," ते म्हणाले आणि फोन वहिनींच्या ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावून टाकलं. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही, आणि मी न बोलणं म्हणजे काय ते साइटवरच्या कुणालाही विचारा.

स्लॅबच्या दिवशी सकाळी वहिनींनी नारळ फोडला, गुळाचा खडा सगळ्यांच्या हातावर ठेवला. किशोर वेळेवर आला, त्याचा मिक्सर आला, माणसं आली. सूसच्या रस्त्यानं कुणी आलं नाही. दोन मिक्सरवर आम्ही सुरुवात केली. स्लॅबचं एक वाईट असतं, तो अर्ध्यावर सोडता येत नाही. काँक्रीट थांबलं की आधीचं घट्ट व्हायला लागतं, नंतरचं त्याला चिकटत नाही, मध्ये सांधा राहतो, आणि मुळशीच्या पावसात तो सांधा जन्मभर गळतो. म्हणून ओतत राहायचं. आम्ही ओतत राहिलो. पण उन्हं डोक्यावर आली तरी निम्मा स्लॅबही झाला नव्हता, माणसांचे हात जड झाले होते, आणि किशोरचा मिक्सर खोकायला लागला.

तो खोकला, पुन्हा खोकला आणि बंद पडला.

मी वरून ओरडले, "एकावर भागणार नाही दादा! सांधा राहील!" दादा खाली मिक्सरमध्ये कमरेपर्यंत वाकले होते. वर बघितलं तेव्हा त्यांचं तोंड सिमेंटनं माखलेलं होतं, आणि त्या तोंडावर मी पहिल्यांदा भीती पाहिली. मला रडू फुटलं, आणि रडत रडतच मी व्हायब्रेटरवाल्याला शिव्या घालत राहिले.

तेवढ्यात पौड रस्त्यावर हॉर्न ऐकू आला. एक टेंपो वळत होता. टेंपोत बायका, पुरुष, एक फेटेवाले म्हातारबुवा, आणि मागे दोरखंडानं बांधलेला एक जुनाट, पोचे पडलेला मिक्सर. पुढं ड्रायव्हरशेजारी कैलास. अंगात बनियन! पांढरा शर्ट कमरेला गुंडाळलेला.

तो उडी मारून खाली उतरला. "कंपनीनं मानसं दिली न्हाईत. मशीन दिलं न्हाई. मग घरची आनली. बायको, दोन भाऊ, भावजया, आन् हे सासरं. आन् ह्यो मिक्सर गोठ्यात पडला व्हता, कंपनीच्या यादीत न्हवताच. सकाळधरनं चालूच हुईना, म्हणून उशीर."

दादांनी त्याच्याकडे बघितलं आणि गरजले, "मग बोलत काय उभा ऱ्हायलायस? खडी भर!"

पुढचं सगळं मला एका झपाट्यात आठवतं. कैलासची बायको पदर खोचून घमेलं घेऊन रांगेत उभी राहिली, तिच्या शेजारी आमच्या वहिनी. सासरेबुवा पाण्याच्या पाइपावर. पोचे पडलेला मिक्सर असा काही खडखडत होता की दादांचा आवाज पहिल्यांदाच कुणाला ऐकू येईना. रस्त्यावरचा चहावाला दुकान उघडं टाकून रांगेत घुसला. फ्लॅट घेतलेली दोन जोडपी मोटारसायकलवरून बघायला आली होती, त्यांच्याही हातात घमेली गेली. त्यांतला एक जण ऑफिसच्या मीटिंगमध्ये कानाला यंत्र लावून "येस, येस" म्हणत खडी देत होता. काँक्रीट पुढे सरकत होतं. एक पट्टा, दुसरा पट्टा, कोपरा. शेवटचं घमेलं कुणी टाकायचं यावरून दादा आणि कैलास भांडले, आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून ते ओतलं. आणि मग जो आरडाओरडा झाला! मी वरच्या सळईला धरून उड्या मारत होते. सांधा नाही! एकही सांधा नाही! आयुष्यात इतका आनंद मला निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

पार्किंगमध्ये पंगत बसली. वहिनींनी मटण आणि हातभाकरी केली होती. दादा वाढत फिरत होते, कारण बसणं त्यांना जमत नाही. किशोर बोटं चाटत म्हणाला, "चला, तिघांचंबी झालं. फिटली सावड."

"फिटली," कैलास म्हणाला.

"फिटली!" दादा ओरडले.

मी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "माझी राहिली."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कैलासला वाटलं, मी चेष्टा करते आहे. "मॅडम, तुमाला पगार अस्तोय की."

"कुठला पगार? किती महिने झाले, वहिनींना विचारा. आणि सूसला, पिरंगुटला उभी राहिले ती कुणाच्या पगारावर?" माझा आवाज चढला होता. "तीन स्लॅब. तिन्हीवर सकाळपासून शेवटच्या घमेल्यापर्यंत. दिवसाला दिवस, असं ठरलं होतं ना? पौडला आमचं घर आहे. भिंती आहेत, कॉलम आहेत, वर सळया गंजताहेत. माझे दिवस कुणी फेडायचे?"

मग मी ते बोलले, जे बोलायचं मी ठरवलं नव्हतं. "आमचे आजोबा, गेणबा, या तालुक्यात कितीतरी खाचरांत लावणीला गेले. आजी गेली. संध्याकाळी पदरात भात घालून वाटेला लावायचे. सावडीत आमचं घर कधी कुणी धरलं नाही. तेव्हा रान नव्हतं, म्हणून नाही धरलं. आता माझ्याकडे घर आहे आणि माझे दिवस तुमच्याकडे आहेत."

दादांच्या हातात रश्शाचं पातेलं होतं. ते त्यांनी खाली ठेवलं आणि चक्क माझ्यासमोर जमिनीवर बसले. आणि मग मी त्यांचा तो आवाज ऐकला, इतका हळू, की शेजारच्या किशोरलाही कान द्यावा लागला असेल.

"तुजं घर मोजायचंच ऱ्हायलं, गौतमे. चार वर्सं रोज संगं हायेस. माज्या ध्यानातच आलं न्हाई."

मी डोळे पुसले. मटण तिखट होतं, असं म्हणता आलं असतं, पण मी रडत होते.

मग ते उठले, आणि आवाज पुन्हा जागेवर आला. "दिवाळी झाली, हप्ता आला की पैला मुहूर्त तुजा!"

"मुहूर्त नको, तारीख द्या," मी म्हणाले. "आणि थकलेला पगार सिमेंट-सळईत द्या."

कैलास हसत सुटला. "जयसिंगा, ही तुजी कंपनी चालवंल बग एक दिवस."

"आता काय म्या चालिवतोय व्हय?" दादा म्हणाले.

हप्ता आला. कंपनी तरली. आणि ठरलेल्या तारखेला सकाळी आमच्या पौडच्या गल्लीत स्कूटर, टेंपो, दोन मिक्सर आणि तो पोचे पडलेला म्हातारा, अशी वरात शिरली. पत्रे आम्ही आदल्या आठवड्यात उतरवले होते, सेंटरिंग बांधून तयार होतं. शेजारपाजारचे सगळे दारात. बाबांनी कंपनीतले जुने बूट घातले होते आणि ते सारखे आत-बाहेर करत होते. आईनं बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली. वहिनी हातात नारळ घेऊन दारात जरा घुटमळल्या. "भाऊ, फोडू का नको?"

"फोडा की," बाबा म्हणाले, "चटणीला लागंल." वहिनींनी तो फोडला, खोबरं घेऊन सरळ आमच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि आईच्या शेजारी भाकऱ्या थापायला बसल्या.

घर लहान, माणसं दांडगी. दुपार कलायच्या आत स्लॅब झाला. या वेळी मी जाळीवरून ओरडत होते आणि खालून बाबा ओरडत होते, "नीट दाब, नीट दाब, आपलं घर हाय!" शेवटचं घमेलं बाबांनी टाकलं. टाकल्यावर ते घमेलं त्यांनी लगेच खाली ठेवलं नाही, रिकामंच धरून उभे राहिले.

जेवणं झाली. सगळे आमच्या अंगणात, आमच्या ताटांत, त्यात कैलास आमच्या आईला पुन्हा रस्सा मागत होता. बाबा हळूच दादांजवळ गेले आणि खिशातून पाकीट काढलं. "जयसिंगराव, मानसांची मजुरी."

दादांनी दोन्ही हात मागे घेतले. "सावडीला कुटं मजुरी अस्तीया का, प्रमोदभाऊ?"

बाबा पाकीट धरून तसेच थांबले. मला भीती वाटली, त्यांना अपमान वाटला की काय. त्यांनी एकदा वर ओल्या स्लॅबकडे बघितलं, एकदा पंगतीकडे. मग पाकीट खिशात घातलं, बुटांच्या सैल केलेल्या नाड्या पुन्हा घट्ट बांधल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आता सावड कुणाकडं हाय? म्या येतो."